जागतं मीठ

पाणखार आणि शेवखार या दोन गावांत शेवटी समेट झाला. समेटात सात माणसं मेली आणि नवरदेवाचा डावा कान गेला.

हे वाचलं असेल तर विसरून जा. असा काही समेट झालाच नाही, सातही जण खुशाल आहेत आणि नवरदेवाला दोन्ही कानांनी ऐकू येतं, असं धरून आपण चालू. दोन्ही गावांनी तसंच धरलंय आणि त्यांच्या तब्येती उत्तम आहेत.

तर खाडीच्या अल्याड पाणखार, पल्याड शेवखार, मधे एक लोखंडी पूल. दोन्हीकडे मिठागरं. आणि दोन्हीकडे एकच दुखणं, की पोरं थांबेनात. विमानतळाच्या गोदामांत रोबोटांवर लक्ष ठेवायला माणसं लागत आणि त्या माणसांवर लक्ष ठेवायला रोबोट, त्यामुळे तिकडे नोकऱ्यांना तोटा नव्हता. मिठागरात फावडं ओढायला उरले होते ते सगळे गुडघे धरून उठणारे.

नंदेश मढवी पाणखारचा, पण त्याला मिठागराचं सुखदुःख नव्हतं. तो आचारी होता. लग्न, बारसं, बारावं, कुठल्याही कार्यात त्याचा टेम्पो पातेल्यांचा खडखडाट करत आधी पोचे. बायको सुलक्षणा शेवखारची, तिथल्या मिठागराचे मालक भाऊ तांडेल यांची थोरली. बाई फटकळ. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं नंदेशच्या प्रसिद्ध मटणाच्या रश्श्यात बोट बुडवून चाटलं आणि विचारलं, "हे कुनी केलं? तूच? मग लोक पैसे कशाचं देतान?"

नंदेशचं तिच्यावर फार प्रेम होतं. तिचं त्याच्यावर आहे की नाही, हे विचारायची त्याची छाती झाली नव्हती.

अशात डॉक्टर इरावती केळुसकर गावात आल्या. हातात बाटली, बाटलीत गुलाबी पाणी.

समाजमंदिरात सभा भरली. अध्यक्ष नाना मढवी, म्हणजे नंदेशचे काका आणि पाणखारच्या मिठागराचे सर्वेसर्वा. नानांनी बाटली उजेडात धरली.

"रोज सरबत हाय का?"

"जीव आहेत त्यात," बाई म्हणाल्या. "एका थेंबात कोट्यवधी."

"जंतू!" नानांनी बाटली दुसऱ्याच्या हातात दिली.

"जंतूसुद्धा नाहीत. वेगळंच घराणं आहे. जंतूंच्या आधीपासूनचे रहिवासी म्हणा."

मग बाईंनी सांगितलं ते असं. साध्या जिवाला खारट पाण्यात टाकलं तर त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तो सुकटासारखा आक्रसून मरतो. म्हणून तर आपण मासळी खारवतो. या मीठप्रेमी जिवांनी त्यावर सोपी युक्ती काढली आहे: बाहेर जितकं खारट, तितकंच आपणही आत खारट होऊन बसायचं. समुद्राच्या कितीतरी पट खाऱ्या तळ्यात ते सुखानं नांदतात, उन्हावर जगतात, आणि पुरेसे वाढले की तळंच गुलाबी दिसू लागतं. लोणारचं सरोवर एका उन्हाळ्यात असंच गुलाबी झालं होतं. पाणी आटलं तर ते मिठाच्या खड्यात अडकलेल्या थेंबात पडून राहतात, वर्षानुवर्षं, तक्रार न करता. त्यांना मारायचा एकच हमखास उपाय, गोडं पाणी. आतला खारटपणा बाहेरचं पाणी आत ओढतो आणि जीव फुग्यासारखा फुटतो.

"स्वभावानं मात्र ते फार घरंदाज असतात," बाई म्हणाल्या. "आपल्या गोतावळ्याला सांभाळून घेतात. परका गोत शेजारी आला, की विष सोडून मारतात. कधीकधी उलटही होतं. दोन परके एकमेकांना चिकटतात, आतला मालमसाला वाटून घेतात आणि तिसरंच घराणं सुरू होतं. पण ते क्वचित."

इथवर सगळं निसर्गाचं होतं. यापुढचं बाईंचं. त्यांनी या जिवांना माणसाच्या आतड्यात तग धरायला शिकवलं होतं, गरम पाण्याच्या कुंडातल्या एका चुलतभावाचा गुण घालून उकळत्या कालवणात टिकायलाही शिकवलं होतं. आतड्यात बसून ते पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला निरोप धाडत. ज्याच्या पोटात आपला गोत, त्याच्या घामाचा वास आला की निरोप जाई: आपला माणूस, माया कर.

"उंदरांवर करून पाहिलं. एका मिठावर वाढलेले उंदीर एकमेकांना सोडून झोपतच नाहीत."

"आणि दुसऱ्या मिठावरचा उंदीर त्यांच्यात सोडला तर?" मागून नंदेशनं विचारलं.

"तो प्रयोग एकदाच केला," बाई म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

पण नानांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांचे डोळे चमकत होते. "म्हंजे बाय, हे मीठ जो खाईल तो गाव सोडून जायचा नाय? खाल्ल्या मिठाला जागंल?"

"शब्दशः."

मिठाचं नाव तिथंच ठरलं. पुढच्या हंगामात पाणखारच्या कोंड्या, म्हणजे मीठ पिकवायची उथळ तळी, गुलाबी झाल्या आणि पिशव्यांवर छापून आलं: जागतं मीठ.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. गोदामांतली पोरं सुट्टीला आली ती परत गेलीच नाहीत. वर्षानुवर्षं कोर्टात भांडणारे दोन भाऊ एका ताटात जेवू लागले आणि त्यांचे वकील हवालदिल झाले. सुलक्षणानं नंदेशला 'अहो' म्हणायला सुरुवात केली. ती त्याच्याकडे टक लावून बघत बसे. एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही श्वास किती छान घेता."

नंदेश महिनाभर तरंगत होता. मग एके सकाळी दाढी करताना त्याच्या मनात आलं, की शेजारच्या आळीतला केशवही श्वास घेतो, आणि ती केशवकडेही तशीच बघते. सगळं गाव सगळ्या गावाकडे तसंच बघत होतं. मग ही जी आपल्याजवळ बसली आहे, ती आपली बायको म्हणून, की पिशवीतल्या मिठाची गिऱ्हाईक म्हणून? ही शंका त्याच्या पोटात बसली ती कुठल्याच पाण्यानं फुटेना. त्याला जगात एवढं एकच जाणून घ्यायचं होतं.

दरम्यान केळुसकर बाईंनी उरलेली बाटली शेवखारला विकली होती. बाटली तीच, पण पल्याडच्या कोंडीत चिखल वेगळा, भरतीचं पाणी वेगळं. वर्षभरात तिथल्या जिवांचा गोत वेगळा झाला. हे कोणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. सुलक्षणा सणाला आठ दिवस माहेरी गेली, तिथं पोटभर जेवली आणि परत आली, तेव्हा ते ध्यानात आलं.

नंदेशनं दार उघडलं. तो हसला. ती हसली नाही. तिच्या नाकपुड्या फुलल्या, तिनं पिशवी खाली ठेवली, शांतपणे आत जाऊन पोळपाट आणला आणि त्याच्या तोंडावर मारला. आणि नंदेश, ज्यानं आयुष्यात कोंबडीसुद्धा दुसऱ्याकडून कापून घेतली होती, त्यानं लाटणं उचललं. त्याला तिचा वास येत होता. कुजक्या खेकड्यासारखा. जगात याहून परकं काही असू शकत नाही असं त्याला आतून, पोटातून कळत होतं. त्यानं तिचं मनगट मोडलं तेव्हा त्याला समाधान वाटलं. हे समाधान तो पुढे कधी विसरला नाही.

त्याच आठवड्यात दोन्ही गावांतल्या सगळ्या माहेरवाशिणी परत आल्या होत्या. घराघरांत भांडी वाजली. मग भावांनी बहिणींचा कैवार घेतला, आणि पुलावर अल्याडची फावडी आणि पल्याडची वल्ही समोरासमोर आली. तिघं खाडीत पडले. दोघं ओहोटीला सापडले, तिसरा सापडला नाही. एरवी अशा भांडणात कोणीतरी म्हातारा मधे पडतो. इथं म्हातारे पुढे होते.

नंदेश आणि सुलक्षणाला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात टाकलं. त्याचा जबडा, तिचं मनगट आणि दोन बरगड्या. वॉर्ड वेगवेगळे, मधे एक लांब व्हरांडा आणि एक धिप्पाड नर्स. जेवण दोघांना एकच, दवाखान्याचं: पातळ वरण, मऊ भात, आणि मीठ कशाशी खातात हे त्या स्वयंपाकघराला माहीतच नसावं. तीन आठवडे ते हेच जेवले.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती व्हरांड्यातून बरगड्या धरून आली. नंदेशनं घाबरून उशी उचलली. ती त्याच्या पायथ्याशी बसली.

"हे वरणात पानी घातलंय का पान्यात वरण?" ती म्हणाली.

नंदेशनं उशी खाली केली.

"तरी तुझ्या हातच्यापेक्षा बरं हाय."

जबडा तारेनं बांधलेला असतानाही नंदेश हसला आणि वेदनेनं ओरडला. नर्स धावत आली.

केळुसकर बाई भेटायला आल्या. त्यांचंही डोकं बांधलेलं होतं. दोन्ही गावांनी त्यांना आपली बाजू समजावून सांगितली होती. "अळणी जेवलात," बाई म्हणाल्या. "आतडं गोडं झालं आणि ते फुटले. आता तुमच्या पोटात कोणी नाही."

"मग आत्ता मना याचा राग येतो, तो?" सुलक्षणानं विचारलं.

"तो तुमचा स्वतःचा."

दोघं गावी गेले नाहीत. तालुक्याला एक खोली घेतली आणि कुठल्याही मिठाची धास्तीच बसल्यामुळे अळणी जेवू लागले. तुम्ही कधी अळणी सुरमई खाल्ली आहे का? खाऊ नका. त्या खोलीत सुलक्षणा त्याच्या घोरण्यावर चिडायची, त्याच्या ओल्या टॉवेलवर चिडायची, त्यानं लाटणं मारलं त्यावर तर रोज एकदा ठरवून चिडायची. एकदा तर पिशवी भरून बाहेर पडली. नंदेश खिडकीतून बघत राहिला. ती रिक्षा स्टँडपर्यंत गेली, तिथं उभी राहिली, आणि परत आली.

"काय गं?"

"रिक्षावाला जास्त मागत होता."

रिक्षा स्टँडवर रिक्षा नव्हती, हे नंदेशनं खिडकीतून पाहिलं होतं. त्याला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. पोटात कोणीही नसताना, कुठलाही निरोप आलेला नसताना, ही बाई त्याच्यावर इतकी चिडत होती आणि जात नव्हती.

गावांनी मात्र दोघांना नाव ठेवलं: अळणी. शेजारगावचा दुश्मन परवडला, निदान तो कोणाच्या तरी मिठाला जागतो. हे दोघं कोणाचेच नव्हते. सामान आणायला वेशीपर्यंत गेले तेव्हा अल्याडून दगड आले, पल्याडूनही आले. दगडांत फरक नव्हता.

आणि मग लग्न निघालं. नानांची मुलगी प्रणिता आणि भाऊ तांडेलांचा धाकटा कल्पेश, दोघंही शिकायला पुण्याला, दोघंही मेसमध्ये जेवणारी, त्यामुळे पोटं साधी. प्रेमात पडली. एरवी यावर कोयते निघाले असते, पण दोन्ही गावं तिरड्या बांधून दमली होती. नाना आणि भाऊ पुलाच्या मधोमध भेटले, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, नाकाला रुमाल बांधून. ठरलं असं: लग्नाआधी तीन आठवडे दोन्ही गावांनी अळणी उपास धरायचा, म्हणजे पोटातले सगळे फुटतील. आणि लग्नाचा स्वयंपाक नंदेशनं करायचा, कारण त्यालाच दोन्ही गावं सारखीच मारत होती.

"माझी एकच अट," नंदेश म्हणाला. "लग्नात कशातही मीठ नको. भातात नको, रश्श्यात नको, वड्यांत नको. नंतर साधं दुकानातलं मीठ आणा आणि जन्मभर खा. पन त्या दिवशी कशातही नको."

"कशातही नको," नाना म्हणाले.

"शब्द," भाऊ म्हणाले.

उपास पाळला गेला. लोकांनी शिव्या दिल्या, अळणी आमटी नवसासारखी गिळली, पण पाळला. पूल उतरल्यावर लागणाऱ्या मोकळ्या खाजणात, खाडीकाठच्या पडीक जमिनीत, मांडव उभा राहिला. दोन्ही गावं एकमेकांत मिसळून बसली. कोणाच्या नाकपुड्या फुलत नव्हत्या. पल्याडच्या म्हाताऱ्या अल्याडच्या म्हाताऱ्यांना मेलेल्यांची नावं विचारत होत्या आणि दोघी मिळून रडत होत्या. ब्रास बँड बेसूर वाजत होता. सुलक्षणा चुलीपाशी येऊन म्हणाली, "वडे जळतान तुझे," आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेली. नंदेशला वाटलं, जमलं.

पंगत बसली. नंदेश रश्श्याची बादली घेऊन मांडवात आला आणि जागीच थांबला.

प्रत्येक पत्रावळीच्या वरच्या टोकाला, जिथं ते नेहमी असतं तिथंच, दोन चिमूट मीठ होतं. फिकट गुलाबी.

"हे काय हाय?" त्यानं वाढप्याला विचारलं.

वाढप्यानं पत्रावळ नीट न्याहाळली. "मीठ."

"मी सांगितलं होतं ना, कशातही मीठ नको म्हणून!"

"कशात घातलंय?" वाढपी दुखावला. "बाजूला ठेवलंय."

पान मांडलं की आधी मीठ पडतं. ते वाढणं नव्हेच. पाट मांडण्यासारखं, पाणी शिंपडण्यासारखं आहे. हाताला कोणी सांगावं लागत नाही आणि हाताला कोणी अडवूही शकत नाही. अल्याडच्या वाढप्यांनी आपल्या घरातलं एक चिमूट ठेवलं होतं. पल्याडच्यांनी, आपली बाजू उणी पडायला नको म्हणून, आपलं एक. नंदेशची अट दोन्ही गावांनी अक्षरशः पाळली होती. आणि आधी वाढलेला भात अळणी लागल्यामुळे पाहुण्यांनी एव्हाना पहिल्या घासालाच बोटानं ते दोन्ही ओढून कालवलं होतं. तीन आठवड्यांनंतर. बोटं चाटत होते लोक.

"खाऊ नका!" नंदेश ओरडला. "थुंका! थुंका!"

"आचारी स्वतःच सांगतोय," कोणीतरी म्हणालं आणि पंगत हसली. तोवर पहिली वाढ संपली होती.

मीठ चढायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात आहेराची भाषणं झाली.

सुरुवात हिराजी मामांपासून झाली. ते शेवखारचे, शांत गृहस्थ. त्यांनी स्वतःच्या उजव्या तळहाताचा वास घेतला, डोळे बारीक केले आणि स्वतःच्या कानशिलात भडकावली. मग डाव्या हातानं उजव्याला धरलं. पोटात दोन गोत एकमेकांवर विष सोडत होते आणि मेंदूला एकाच वेळी दोन निरोप जात होते: हा आपला, हा परका. आणि हे दोन्ही निरोप मांडवातल्या प्रत्येकाबद्दल, स्वतःसकट. बाप लेकाला मिठी मारून मग त्याच मिठीत आवळू लागला. दोन जावा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि गळे सोडलेच नाहीत. बँडवाल्यांनी तुताऱ्या उलट्या धरल्या. रश्श्याचं मोठं पातेलं कलंडलं तेव्हा त्याखाली दोघं होते. नानांनी जावयाला जवळ घेतलं, मायेनं कुरवाळलं आणि त्याचा कान दातांनी तोडला. प्रणितानं तो कान उचलला, पुसला आणि ओढणीत बांधून ठेवला. मग बापाच्या डोक्यात समई घातली. ती आणि कल्पेश नेहमीप्रमाणे मेसच्या डब्यातलं जेवली होती, त्यामुळे हे तिनं पूर्ण शुद्धीत केलं. त्याच शुद्धीत तिनं कल्पेशला मोटारसायकलवर घातलं आणि पुण्याची वाट धरली.

नंदेश सुलक्षणाला शोधत चुलींच्या धुरातून धावला. ती टेम्पोपाशी उभी होती, हातात झारा. दोघं आत चढले, मागचं दार ओढून घेतलं. पत्र्यावर कोणीतरी आपटलं आणि घसरत खाली गेलं.

मग अचानक शांत झालं.

क्वचित होतं असं बाई म्हणाल्या होत्या, ते त्या दिवशी प्रत्येक पोटात झालं. भांडून दमलेले दोन गोत एकमेकांना चिकटले, मालमसाला वाटून घेतला आणि तिसरं घराणं सुरू झालं. टेम्पोच्या फटीतून नंदेशनं पाहिलं: नाना आणि भाऊ रक्तानं माखलेले, गळ्यात गळे घालून रडत होते. मेलेल्यांना दोन्ही गावं मिळून मांडवाच्या कडेला ओळीनं निजवत होती, अगदी प्रेमानं. समेट झाला होता.

मग वारा फिरला. नानांनी मान वर केली. भाऊंनीही. शेकडो नाकं एकदमच टेम्पोकडे वळली.

"अळणी," कोणीतरी म्हणालं.

पहिलं वल्हं पत्र्यावर बसलं.

"पुढचा रस्ता माणसांनी भरलाय," नंदेश म्हणाला. "टेम्पो निघायचा नाय."

सुलक्षणानं कमरेची पुरचुंडी सोडली. त्यात पत्रावळीवरचं दोन्ही गावांचं मीठ होतं.

"हे कुठून उचललंस?"

"वाटेत. डोकं लागतं त्याला." तिनं चिमूट जिभेवर टाकली आणि तोंड वाकडं केलं. "ऐक. डॉक्टरबाई म्हणाली होती, अंगाचा वास आधी बदलतो, डोकं नंतर. मधे थोडा वेळ मी त्यांना आपली वाटेन आणि असेन माझीच. तेवढ्यात बाहेर पडते, सगळ्यांना पुलाकडे पिटाळते. तू गाडी काढून कोपऱ्यावर ये. मी धावत येते."

"मीपन खातो." त्यानं हात पुढे केला. तिनं त्या हातावर झारा मारला.

"गप! दोघं खाऊन बसलो तर मग उरलं कोन? उद्या मी 'अहो अहो' करत फिरायला लागले, तर ही बाय अशी नव्हती, हे सांगायला एक तरी अळणी नको का?" मग म्हणाली, "आनि मी नाय आले तर थांबू नकोस. तू नक्की थांबशील, गाढव आहेस तू."

बाहेर पत्रा आत आत येत होता. दार वाकलं, एक फावडं फटीतून घुसलं आणि नंदेशच्या मांडीत रुतलं. तिनं ते लाथेनं बाहेर ढकललं. ती त्याला घट्ट चिकटून बसली होती आणि टेम्पो आतून किती घाण आहे यावर बोलत होती. बोलता बोलता तिनं आपलं मनगट हुंगलं. उठली, दार उघडलं आणि बाहेर उडी मारली.

"पुलाकडे पळाला तो!" तिचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "धरा त्या रांडेच्याला!"

नाकं तिच्याकडे वळली, हुंगली आणि निवळली. जमाव पुलाकडे सुटला. नंदेश सरपटत पुढच्या कॅबिनमध्ये गेला, टेम्पो कोपऱ्यावर आणला, आणि थांबला.

समोर रस्ता मोकळा होता. तिनं बजावलं होतं. त्यानं गिअरवर हात ठेवला आणि आरशात बघत राहिला.

ती आली. धावत नाही, चालत. झारा हातात होता. खिडकीपाशी येऊन ती थांबली, चेहऱ्यावर रक्त आणि धुरळा, आणि त्यातून ती हसली. इतकी गोड ती फक्त त्या पहिल्या वर्षी हसली होती.

"चल, चढ," नंदेश म्हणाला. "सुलू, चढ लवकर."

"अहो," सुलक्षणा म्हणाली, "रस्सा काय सुरेख झाला होता!"

नंदेशनं डोळे मिटले. पहिला फटका जबड्यावर बसला, जिथं आधीचा सांधा होता तिथंच. दुसऱ्या फटक्यासरशी तिनं गावाला हाक मारली. तिसरा बसायच्या आत त्याचा पाय, भीतीनं म्हणा की आज्ञाधारकपणे, ॲक्सिलरेटरवर पडला. ती बरंच अंतर टेम्पोला लटकून मारत राहिली. मग हात सुटला.

पाणखार-शेवखार आता एकच गाव आहे. तिथं भांडण होत नाही, कोणी सोडून जात नाही, कुलपं लावत नाहीत. आदर्श ग्रामाचं बक्षीस मिळालं; बक्षीस द्यायला गेलेले साहेब तिथंच जेवले आणि राहिले. सुलक्षणा नव्या मिठागराचं काम बघते. सगळ्यांशी गोड बोलते. वेशीपर्यंत कोणी अळणी माणूस आला तर पहिला दगड तिचा असतो आणि तिचा नेम चांगला आहे. हे नंदेशला अनुभवानं ठाऊक आहे. तो दर महिन्याला जातो.

तारेनं बांधलेल्या जबड्यातून शब्द नीट फुटत नाहीत म्हणून त्यानं तालुक्याच्या कचेरीत लेखी अर्ज केला. त्याचा शेवट असा:

"तरी मेहेरबान साहेबांस नम्र विनंती की, वरील सर्व बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन, (अ) सदर खाडीस भरतीचे वेळी खारट पाणी न आणण्याबाबत समुद्रास आपल्या स्तरावरून लेखी समज देण्यात यावी, (ब) तसे करणे नियमात बसत नसल्यास दोन्ही मिठागरे एक पावसाळाभर गोड्या पाण्याने भरून ठेवण्याचे आदेश व्हावेत, आणि (क) अर्जदाराची पत्नी सौ. सुलक्षणा नंदेश मढवी हिला, टेम्पोतून उतरण्यापूर्वी ती अर्जदारावर जितकी चिडलेली होती तितक्याच चिडलेल्या स्थितीत, कोणतीही गोडी न लावता, अर्जदाराच्या ताब्यात परत देण्यात यावे, ही विनंती."